तीनच्या आकड्यासारखं दिसणारं चिन्ह

पहिल्या दिवशी मी ते चिन्ह चुकीचं वाचलं. समोर फोमच्या उतरत्या उशीवर एका खेडेगावातल्या डॉक्टरची हिशेबाची वही उघडी होती, अठराव्या शतकाच्या अखेरची. ओळीत औषधाचं नाव, त्याच्यापुढे हुबेहूब आपल्या मराठी ३ सारखी एक आकृती, आणि तिच्यापुढे दोन दांड्या. दुसऱ्या दांडीला खाली ओढलेली लांब शेपूट. मी पेन्सिलीने वहीत ‘३’ उतरवून घेतला आणि पुढे गेले. दोन पानं उलटल्यावर तीच आकृती परत आली, या वेळी डोक्यावर एक जादा आडवा फराटा घेऊन. तेव्हा हात थांबला. हा आकडा नव्हताच, हे वजन होतं.

मी फार्मासिस्ट आहे. एकोणतीस वर्षं न्यू जर्सीत औषधं मोजते आहे. इतकी वर्षं या धंद्यात काढून मी ड्रॅमचं चिन्ह ओळखलं नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. औषधविक्यांची जुनी मापं अशी: २० ग्रेनचा एक स्क्रूपल, तीन स्क्रूपलचा एक ड्रॅम, आठ ड्रॅमचा एक औंस आणि बारा औंसांचा एक पौंड. ड्रॅमची खूण आपल्या ३ सारखी. तिच्या माथ्यावर एक रेघ वाढली की औंस. म्हणजे लिहिणाऱ्याचा हात जरासा घसरला तर औषध एकदम आठपट. आज दवाखान्यांतून ही चिन्हं हद्दपार झाली आहेत ती याच भीतीने. दांड्या म्हणजे रोमन आकडा, आणि शेवटच्या दांडीची शेपूटही उगाच नाही. ‘आकडा इथे संपला’ असं ती सांगते, म्हणजे नंतर कोणी एखादी दांडी वाढवू नये.

तेव्हापासून सुट्टीचा मंगळवार माझा कागदांचा. सकाळी पॅटको गाडीने डेलावेअर नदी ओलांडायची, फिलाडेल्फियात लोकस्ट स्ट्रीटला उतरायचं आणि हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या वाचनकक्षात जाऊन बसायचं. ही संस्था १८२४ सालची. तिच्या शेजारी लायब्ररी कंपनी, ती १७३१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने काढलेली. थोडं पश्चिमेला बावीसाव्या रस्त्यावर कॉलेज ऑफ फिजिशियन्स, १७८७ सालचं. नाव कॉलेज असलं तरी तिथे कोणी डॉक्टरकी शिकवत नाही, ती डॉक्टरांची मंडळी एकत्र येऊन स्थापलेली सभा आहे. या देशातलं पहिलं सार्वजनिक रुग्णालय १७५१ मध्ये इथलंच, वैद्यकशाळाही १७६५ मध्ये पहिली इथेच निघाली. त्यामुळे त्या काळच्या डॉक्टरांच्या कागदांसाठी हे शहर म्हणजे कोठारच.

वाचनकक्षाचे नियम मला मनापासून आवडतात. शाई नाही, फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फोल्डर. कागद ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने परत ठेवायचे. पहिल्यांदा मी दोन पत्रं शेजारी ठेवून ताडून बघायला गेले, तर टेबलाशी असलेल्या बाई हळूच येऊन म्हणाल्या, “आधी याचा फोटो काढा, मग दुसरं उघडा. क्रम मोडला की पुढच्या माणसाचं काम मोडतं.” अगदी माझ्या औषधाच्या कपाटासारखंच.

आणि कागद! तो लाकडाच्या लगद्याचा नाही, चिंध्यांचा. सवादोनशे वर्षांनी हातात घेतला तरी दणकट लागतो. झिजली असते ती शाई जिथे पडली ती जागा. ओकच्या झाडावरच्या गाठी आणि हिराकस यांची ती शाई. लिहिताना फिकट, हवा लागली की काळी, आणि शतकभरात तपकिरी होऊन कागदालाच खाऊ लागते. एका पत्रात डॉक्टरने एक शब्द खोडून पुन्हा ठासून लिहिला होता, तिथे शब्दाच्या आकाराचं भोकच पडलं होतं. पाकिटं तेव्हा नसत. तावाची घडी घालायची, पाठीवर पत्ता, लाखेचा ठिपका. लाख फोडताना कागदाचा तुकडा निघतो आणि नेमके तिथले दोन-तीन शब्द कायमचे जातात. अक्षराची सवय व्हायला मला चार मंगळवार लागले. शब्दाच्या मध्ये येणारा ‘एस’ हे लोक लांबलचक काढत, तो ‘एफ’सारखा दिसतो. म्हणून नाडीला ‘पल्स’ लिहिलेलं डोळे ‘पल्फ’ वाचतात.

आता बेंजामिन रशकडे वळते, कारण या शहरात त्याला टाळून पुढे जाताच येत नाही. जन्म १७४६, एडिनबरोला शिकून १७६८ मध्ये डॉक्टर, १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही. पत्रं लिहायचा हा माणूस भारी. घराण्यात राहिलेल्या त्याच्या कागदांचा मोठा भाग १९४३ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात गेला आणि पत्रं ठिकठिकाणी पांगली. १९५१ मध्ये लायमन बटरफील्डने ती गोळा करून दोन खंडांत छापली. मी आधी छापील पत्र वाचते आणि मग मूळ बघते, कारण छापलेल्या ओळी सगळ्या एकसारख्या असतात. थकलेला हात छापून येत नाही.

१७९३ च्या उन्हाळ्याच्या शेवटी फिलाडेल्फियात पीतज्वर आला. शहराची वस्ती सुमारे ५०,००० आणि मेली सुमारे ५,००० माणसं. ज्यांना शक्य झालं ती पळाली. रशने बायकोला, ज्युलियाला, मुलांसह न्यू जर्सीत पाठवलं आणि स्वतः शहरात राहिला. तो तिला जवळजवळ रोज लिहीत होता. कोण गेलं, कोण उठलं, नोकर आजारी, त्याच्याकडे शिकणारी पोरं आजारी. त्यातली तीन गेली. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला बहीण गेली. तो स्वतःही तापाने पडला, उठला, पुन्हा रोग्यांकडे गेला. धीराबद्दल त्याला कोणी बोल लावू शकत नाही. तो पळाला नाही.

पण त्याच पत्रांत त्याचं औषध आहे आणि तिथे माझा जीव खालीवर होतो. दहा ग्रेन कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, आणि दहा ग्रेन जालपची जुलाबाची मुळी. पुढे मुळी पंधरा ग्रेनवर नेली. दर सहा तासांनी एक पुडी, चार-पाच जुलाब होईपर्यंत. ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. दुकानात आजही अ‍ॅस्पिरिनची गोळी ३२५ मिलिग्रॅमची मिळते ना, हा विचित्र आकडा त्यातूनच आलाय, पाच ग्रेन. मी पेन्सिलीने समासात हिशेब मांडला: एका पुडीत ६५० मिलिग्रॅम पारद-क्षार, तीन पुड्या पोटात गेल्या तर जवळजवळ दोन ग्रॅम. तापाने आधीच सुकलेल्या माणसाला. वर शीर तोडून रक्त काढायचं, आणि शरीरात असतं त्याच्या साधारण दुप्पट रक्त आहे असं तो धरून चालला होता. मी काउंटरवर असते तर ही चिठ्ठी हातात घेऊन फोन उचलला असता. तिथे फोन उचलणारं कोणी नव्हतं.

तेव्हाच हरकत घेणारे नव्हते असं मात्र नाही, आणि कागदांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनला ताप आला, त्याला त्याचा लहानपणचा मित्र एडवर्ड स्टीव्हन्स याने सिंकोनाची साल, वाइन आणि गार पाण्याची आंघोळ यांवर बरं केलं, आणि हॅमिल्टनने तसं जाहीर पत्र छापलं. शहराबाहेर बुश हिलच्या रुग्णालयात ज्याँ देवेझ हा फ्रेंच डॉक्टरही सौम्य उपचार करत होता. रशला हे पटलं नाही. त्या नोव्हेंबरमध्ये, जी सभा स्थापण्यात त्याचा हात होता त्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सचाच त्याने राजीनामा दिला. ताप कशाने आला यावर त्याचं उत्तर होतं धक्क्यावर सडलेली कॉफी. डास हे उत्तर मिळायला पुढे शंभरावर वर्षं जायची होती.

पत्रं एकाच माणसाची वाचत राहिलं की हळूहळू त्याचंच खरं वाटू लागतं, हे मी स्वतः अनुभवलं. रोज बायकोला लिहिणारा दमलेला माणूस, कोण त्याच्या विरुद्ध जाईल? म्हणून दुसरीकडचे कागद मुद्दाम मागवावे लागतात. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही अशी रशची समजूत होती, आणि त्याने त्यांच्या पुढाऱ्यांना शुश्रूषेला येण्याची गळ घातली. ती माणसं आली, आजारी पडली आणि मेलीही. वर छापील आरोप झाला की त्यांनी पैसे उकळले. अ‍ॅब्सालोम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन या त्यांच्या दोघा पुढाऱ्यांनी १७९४ मध्ये पुस्तिका छापून त्याला उत्तर दिलं, आलेला आणि गेलेला पैसा मांडून. हिशेबाच्या भाषेत दिलेलं ते उत्तर मी उभ्याउभ्याच वाचून काढलं.

सगळे कागद इतके जड नाहीत. हार्वर्डचा प्राध्यापक बेंजामिन वॉटरहाउस याने जुलै १८०० मध्ये आपल्या पाच वर्षांच्या मुलाला देवीचा रोग टाळायला गाईच्या देवीची, म्हणजे काउपॉक्सची लस टोचली. लस इंग्लंडहून आली होती, दोऱ्यात भिजवून वाळवलेली. पुढच्या वर्षी तो राष्ट्राध्यक्ष जेफर्सनला लस पाठवू लागला, पण दक्षिणेकडे ती पोचेपर्यंत मरून जाई. जेफर्सनने तोडगा सुचवला: लसीची छोटी कुपी पाण्याने भरलेल्या मोठ्या कुपीत ठेवा, उन्हाळा बाहेरच राहील. ऑगस्ट १८०१ मध्ये मॉन्टिचेलोत, जेफर्सनच्या मळ्यावर, लस लागली. रोज फ्रिजचं तापमान वहीत लिहिणाऱ्या बाईला हे पत्र वाचून काय झालं असेल! कोल्ड चेनची, म्हणजे लस थंड ठेवत पोचवण्याची, सुरुवात एका कुपीत कुपी घालण्यापासून. मात्र ज्यांना टोचलं त्यांत मोठी संख्या मळ्यावरच्या गुलामांची होती, आणि त्यांना कोणी विचारलं असं त्या पत्रांत कुठे नाही. ही पत्रं नॅशनल आर्काइव्ह्जच्या फाउंडर्स ऑनलाइनवर कोणालाही फुकट वाचता येतात.

डॉक्टर नसलेल्या एका बाईचे कागदही मी याच मापात धरते. मेनमधली सुईण मार्था बॅलर्ड. १७८५ ते १८१२, सत्तावीस वर्षं रोजनिशी, ८१६ बाळंतपणं. नदी गोठली, ओलांडली. मूल झालं, घरी आले. बाळंतपणाचे पैसे मिळाले की समासात फुल्या. तिची खापरपणती डॉक्टर झाली, १८८४ मध्ये, आणि त्याच वर्षी ही रोजनिशी तिच्याकडे आली. १९३० मध्ये तिने ती मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिली. घरात पडलेल्या जुन्या वह्यांची किंमत ओळखायला कधीकधी त्याच धंद्यातलं माणूस घरात जन्मावं लागतं.

आता मी जेम्स डरहॅमची वाट शोधते आहे. १७६२ मध्ये फिलाडेल्फियात गुलाम म्हणून जन्मलेला. डॉक्टर मालकांच्या हाताखाली औषधं कालवत शिकला, स्वातंत्र्य मिळवलं आणि न्यू ऑर्लिन्समध्ये स्वतःची डॉक्टरकी चालवली. १७८८ मध्ये रश त्याला भेटला आणि त्याने लिहून ठेवलं की मी याला नवी औषधं सुचवायला गेलो, तर त्यानेच मला जास्त सुचवली. तोच रश, जो इतक्या ठाम अक्षरात दहा-दहा ग्रेन लिहितो, आणि ज्याने गुलामगिरीविरुद्ध लिहूनही स्वतः एक गुलाम बाळगला होता. पुढची काही वर्षं दोघांची पत्रं चालली. रशने ती जपली म्हणून डरहॅमचं अक्षर आज राहिलं आहे. १८०२ नंतर पत्र नाही, आणि माणसाचा मागही नाही.

मागणीची चिठ्ठी भरून ठेवली आहे. परवाच्या मंगळवारी त्या पत्रांची पेटी टेबलावर येईल.