शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला!

‘नाव काढलं आणि माणूस दारात उभा राहिला, की तुम्ही त्याला शंभर वर्षं आयुष्य का देता?’ इंग्रजी शाळेत जाणारी आमची भाचरं हे हमखास विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

सरळ अर्थ एवढाच की, आठवण काढताच हजर झालात, दीर्घायुषी आहात. नाव काढूनही न फिरकलेल्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही, म्हणून हे खरंही वाटतं. पण माझं मत विचाराल तर निम्म्या वेळा हे वाक्य आशीर्वाद नसतोच. ती चोरी पकडली गेल्यावरची सारवासारव असते.

आमची बिल्डिंग दादरची, जुनी, चार मजली, लिफ्ट नसलेली. परवा खाली जिन्यापाशी आम्ही तिघी चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंड्यांविषयी बोलत होतो. त्या पाणी घालतात आणि खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर मातीचे ओघळ येतात. विषय अगदी रंगात आला आणि वळणावर काकूंची पिशवी दिसली.

‘अगबाई! शंभर वर्षं आयुष्य आहे हो तुम्हाला. आत्ताच तुमचं नाव काढलं!’

‘कशाबद्दल?’

‘काही नाही, म्हटलं दोन दिवस दिसल्या नाहीत.’

काकू पक्क्या मुरलेल्या. ‘आयुष्य राहू दे, आधी लिफ्ट बसवा,’ म्हणाल्या आणि भाजीला गेल्या.

काकूंचं बोलणं शास्त्राला धरूनच आहे. शंभराचा आकडा वेदांइतका जुना. ‘पश्येम शरदः शतम्, जीवेम शरदः शतम्’ ही यजुर्वेदातली प्रार्थना. पण मागणारा हुशार होता. त्याने आधी डोळे मागितले, मग आयुष्य, पुढे कान, वाचा आणि त्यानंतर ‘अदीनाः स्याम’, म्हणजे कुणापुढे हात पसरायची वेळ न येवो. आपण मात्र नुसती वर्षं देऊन मोकळे होतो. गुडघ्यांचं ज्याचं त्याने बघावं.

एक पथ्य पाळा, नव्वदी ओलांडलेल्यांना हे म्हणू नका. माझ्या एका मामेआजोबांनी लगेच बोटं मोजली होती, ‘म्हणजे आता सहाच का?’ चर्चगेटच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते महर्षी कर्वे १८५८चे. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं आणि त्यानंतरही ते १९६२पर्यंत होते. त्यांना कुणी हे ऐकवलं असेल, तर बिचाऱ्याने त्यांचं आयुष्य चार वर्षांनी कमीच केलं म्हणायचं.

हल्ली माणूस यावाही लागत नाही. मोबाइलवर नाव झळकलं की पुरतं. फोन उचलायच्या आधी घरात ‘श्शू, श्शू’ होतं आणि मग गोड आवाजात शंभर वर्षं बहाल होतात.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तर दर महिन्याला मिळतात. मेंटेनन्सची पावती घेऊन ते दारात आले की आमचे हे मोठ्याने म्हणतात, ‘या या, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला!’ पाणीपट्टी वाढल्याचं सांगून ते खाली उतरले की दार लावता लावता आमचे हेच म्हणतात, ‘ह्या माणसाचे शंभर भरलेत.’ तो हिशोब शिशुपालाचा.