इतवारीतला आल्टॉस

गेल्या मे महिन्यात नागपूरच्या इतवारीतल्या एका धान्याच्या पेढीने मला बोलावले. माळ्यावर पडलेला जुना संगणक एका संग्राहकाला विकायचे ठरले होते. शेठजींची अट एवढीच होती की उधारीचे हिशेब कोणाच्या हाती लागता कामा नयेत, तेव्हा हार्ड डिस्क काढून फोडून टाकावी. संग्राहकाचे म्हणणे नेमके उलटे होते: डिस्क नसेल तर यंत्रच नको.

गोणपाट बाजूला केल्यावर दिसला तो आल्टॉस ५८६. कॅलिफोर्नियातल्या कंपनीने १९८३ च्या सुमारास आणलेले हे यंत्र, १० मेगाहर्ट्‌झचा इंटेल ८०८६ प्रोसेसर, ५१२ किलोबाइट मेमरी आणि मागे टर्मिनलांसाठी, म्हणजे जोडायच्या पडदा-कीबोर्डांसाठी, सिरियल पोर्टांची रांग. ८०८६ मध्ये एकाच्या प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत शिरण्यापासून अडवण्याची सोयच नाही. आल्टॉसच्या अभियंत्यांनी ती राखण स्वतंत्र सर्किट जोडून बाहेरून उभी केली आणि टर्मिनलांची ये-जा वेगळ्या झेड-८० प्रोसेसरकडे सोपवली. त्यावर युनिक्सवरून घेतलेली मायक्रोसॉफ्टची झेनिक्स ही कार्यप्रणाली चाले आणि पाच जण एकाच वेळी कामाला बसू शकत. संग्राहकांना हवी असते ती ही करामत, चालू स्थितीतली. सोबतच्या फ्लॉप्यांना बुरशी लागली होती, म्हणजे झेनिक्स उरली होती ती त्या डिस्कवरच.

आमच्या धंद्यात ‘आधी चालू करून तर पाहू’ म्हणणारे फार आहेत आणि त्यांच्या घाईने जळालेली यंत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. मी पॉवर सप्लाय सुटा केला. मेन्सच्या बाजूच्या फिल्टर कपॅसिटरच्या पारदर्शक आवरणाला केसासारख्या भेगा गेल्या होत्या. तसाच वीज देतो तर त्याचा कडू धूर साऱ्या पेढीत भरला असता. तो बदलला, लोड म्हणून गाडीचा बल्ब जोडला आणि डिमरस्टॅटने व्होल्टेज अर्ध्या तासात हळूहळू वर नेले. ५ आणि १२ व्होल्ट स्थिर दिसल्यावरच बोर्ड जोडले. डिस्क आधी फिरेना. स्पिंडल हाताने अगदी किंचित सोडवला, तेव्हा ती वेग घेत शिटी घालू लागली आणि हेड टकटकत जागेवर गेले.

टर्मिनलवर लॉगिन आले, पण रूटचा, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्याचा, पासवर्ड तिथे कोणालाच ठाऊक नव्हता. शेठजींनी निवृत्त मुनीमजींना घरून बोलावून घेतले. त्यांनी सोबत आणलेल्या लाल वहीच्या शेवटच्या पानावर तो पेन्सिलीने लिहिलेला होता, कारण रोज संध्याकाळी यंत्र नीट बंद करण्याचे काम त्यांच्याकडे असे. वही उघडली त्यांनी, पण पासवर्ड टाकला तिच्याकडे न पाहताच.

नुसत्या फाइली काढून भागत नाही, मजकूर डिस्कवर तसाच राहतो. म्हणून हिशेब काढल्यावर डिस्क पूर्ण भरेपर्यंत शून्यांची एक फाइल लिहायची आणि मग ती काढायची, असे मी ठरवले. झेनिक्स राहील, उधारी जाईल. ही वाट शेठजींना पटली आणि हिशेब कुठेही उरलेले नाहीत असे मी त्यांना लिहून द्यावे असे ठरले.

मात्र इतक्या जुन्या डिस्कला हात लावण्यापूर्वी प्रत काढायची हा माझा पंचवीस वर्षांचा नियम आहे. ९६०० बॉडच्या तारेवरून १० मेगाबाइट उतरायला तीन तास लागतात, चूक-तपासणी धरून चार लागले. शेठजी तेव्हा मार्केटला गेले होते. संध्याकाळी सगळे पुसून झाल्यावर मी कागदावर सही केली, आणि ती करताना प्रत माझ्या लॅपटॉपवर होती.

निघताना मुनीमजी पायरीपर्यंत आले आणि हळूच म्हणाले, “सगळंच गेलं का जी?” त्यांच्या आयुष्याची वीस वर्षे त्या खात्यांत होती. मी मान खाली घालून बॅग बांधत राहिलो.

आल्टॉस संग्राहकाकडे पोचला आहे आणि तीन टर्मिनलांवर चालतो आहे. प्रत माझ्या सीताबर्डीच्या दुकानात आहे. ती पुसायला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा न पुसताच उठलो. शेठजींना अजून सांगितलेले नाही.