मार्च एन्डला आलेला तो साधासुधा मेल

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे, मी तिथे अकाउंट्स बघते, आणि वेबसाइटवर कंपनीचा जो मेल आयडी दिलाय तो माझ्याच कॉम्प्युटरवर उघडतो. त्यामुळे येईल तो सगळा कचरा आधी माझ्याकडे. स्पॅम फोल्डर बरंच काही अडवतं, पण जे निसटून येतं तेही थक्क करणारं असतं. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचा मेल येतो, तोही कुठल्यातरी फुकटच्या अकाउंटवरून, की तुमच्या नावाने परदेशातून कोट्यवधी रुपये आलेत, सोडवून घ्यायला प्रोसेसिंग फी भरा. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं खातंच ठेवत नाही, हे बँकेने स्वतः कितीदा जाहीर केलंय. चीनमधून कोणी रजिस्ट्रार लिहितो की तुमच्या कंपनीच्या नावाचं डॉट सीएन डोमेन दुसराच कोणी घेतोय, आठवड्यात आक्षेप नोंदवा. सीबीआयचं म्हणून एक पत्र येतं, चोवीस तासांत उत्तर द्या नाहीतर अटक, आणि खाली तीन वेगवेगळ्या खात्यांचे शिक्के एकाच कागदावर. आमच्या साहेबांच्या नावानेही येतात, मी मीटिंगमधे आहे, फोन करू नका, गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठवा. साहेब त्या वेळी शॉप फ्लोअरवर सेटरशी बोलत उभे असतात, मला काचेतून समोर दिसत असतात.

हे इतकं बावळट का लिहितात असं मला नेहमी वाटायचं. मग वाचनात आलं की मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मधे यावर पेपर लिहिलाय, आणि त्यांचं म्हणणं असं की ही अशक्य वाटणारी गोष्ट फसवणाऱ्याच्या कामाचीच असते. मेल लाखोंना पाठवायला काही लागत नाही, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाच्या मागे वेळ घालवावा लागतो, म्हणून शंका घेणारे लोक पहिल्याच मेलला गळून गेलेले त्यांना बरे. मला हे पटलं, पण त्याचा दुसरा परिणाम आमच्याच ऑफिसात मी रोज बघत होते. फसवणुकीचा मेल म्हणजे असला, चुकीच्या इंग्रजीतला, कोटीच्या गप्पा मारणारा, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि मला काळजी त्याचीच वाटायची.

मार्चचा शेवटचा आठवडा. अकाउंट्सवाल्यांना सांगायला नको काय अवस्था असते. त्यात आयकर कायद्यातलं ४३ बी (एच) कलम होतं, म्हणजे मायक्रो-स्मॉल, अगदी लहान उद्योगातल्या व्हेंडरचं बिल मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिलं नाही आणि ३१ मार्चला बाकीच राहिलं तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, त्यामुळे साहेब दर तासाला विचारतात किती पेमेंट गेली. आमचे पार्ट भट्टीत तापवून कडक करून देणारे, म्हणजे हीट ट्रीटमेंटचे, आमचे एक जुने व्हेंडर आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतो. त्यांचं पावणेपाच लाखांच्या आसपास बाकी होतं. दुपारी त्यांचा मेल आला, की ऑडिटमुळे आमचं नेहमीचं करंट अकाउंट तात्पुरतं बंद आहे, या वेळचं पेमेंट सोबतच्या इन्व्हॉइसवरच्या खात्यात करा, मार्च एन्ड आहे तर जरा लवकर बघा.

त्यात काहीच विचित्र नव्हतं हो. भाषा साधी, घाई असेल तर ती आम्हालाही होतीच. मेल नव्याने आलेला नव्हता, आमच्याच जुन्या बोलण्याला रिप्लाय होता, खाली मागच्या महिन्यात माल पाठवल्याचा चलन नंबर, मी स्वतः लिहिलेलं वजनातल्या फरकाबद्दलचं वाक्य, सगळं जसंच्या तसं. इन्व्हॉइसवर लेटरहेड तेच, जीएसटी नंबर बरोबर, रक्कम रुपयापर्यंत बरोबर.

आमच्याकडे ट्रेनी आहे, नुकतीच बीकॉम झालेली, तिला मी नेट बँकिंगमधे ते नवं खातं बेनिफिशियरी म्हणून ॲड करायला सांगितलं आणि शिकवल्याप्रमाणे नाव तपासायला. एनईएफटी-आरटीजीएसचे पैसे खाते नंबरावर जातात, नाव जुळतंय का हे बघितलं जात नाही, म्हणून तर फसवणाऱ्यांचं एवढं फावतं. आता नंबर आणि आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, टाकला की खातं कोणाच्या नावावर आहे ते दिसतं, ही सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करायला सांगितली होती. तिने टाकलं आणि म्हणाली, ताई, इथे तर कुठल्या तरी बाईंचं नाव येतंय. आयएफएससी बघितला तर शाखा दुसऱ्याच राज्यातली.

मग मी तो मेल नीट उघडला. पाठवणाऱ्याचा पत्ता काकांच्या डोमेनसारखाच, फक्त एम होता तिथे आर आणि एन शेजारी शेजारी, छोट्या अक्षरात वाचताना कळणारच नाही. इन्व्हॉइसवर बँक डिटेल्सच्या चार ओळींचा फॉन्ट बाकीच्यापेक्षा किंचित जाड. आणि लेटरहेडवरचा मोबाइल नंबरही बदललेला, म्हणजे खात्री करायला फोन केलाच तरी तो फसवणाऱ्यांच्याच माणसाने उचलला असता. हे बघून माझ्या अंगावर काटा आला. एवढं बारीक काम करणारा माणूस आमची मेलामेली आधी बसून वाचतोय.

जुन्या पीओवरचा, म्हणजे परचेस ऑर्डरवरचा, नंबर काढून मी काकांना फोन लावला. म्हटलं, काका, तुमचं खातं बदललंय का? ते म्हणाले, अगं नाही, का गं? मी सगळं सांगितल्यावर ते बराच वेळ बोललेच नाहीत. संध्याकाळी त्यांच्या मुलाने मेलची सेटिंग्ज तपासली तर त्यात एक रूल लावलेला सापडला, इन्व्हॉइस किंवा पेमेंट शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या एका पत्त्यावर जात होता. महिनाभरापूर्वी त्यांना मेल आला होता, मेलबॉक्स भरलाय, चालू ठेवायला इथे पासवर्ड टाका. मी रोज सकाळी उडवते तसलाच. भट्टीवर उभं राहून मोबाइलवर मेल बघणाऱ्या साठीतल्या माणसाने तो खरा मानला, यात त्यांना कोणी नावं ठेवली तर मला राग येतो. आम्हाला कोणी कधी शिकवलंय हे?

मी त्यांना म्हटलं, आता एकेका गिऱ्हाइकाला फोन करा, मेल करूच नका. ते तसे फोन करत बसले. आणि चाकणच्या एका कंपनीने आदल्या संध्याकाळीच त्या नव्या खात्यात पैसे टाकलेले निघाले. त्यांना ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला लावला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर टाकून तक्रार झाली. पैसे तोवर एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे फिरायला लागले होते, वाटेत सापडली तेवढी रक्कम बँकांनी होल्ड केली, बाकीची गेली.

गेलेल्या रकमेवरून त्या कंपनीचं आणि काकांचं अजून वाजतंय. कंपनी म्हणते मेल तुमच्याकडून फुटला, आम्ही पैसे दिले. काका म्हणतात मला एक रुपया मिळाला नाही. आणि काकांनी करून दिलेले पार्ट तर कधीच असेंब्लीत लागून गेले.