तुम्ही विचारलंत म्हणून: गोन्सालोच का?

"वेलंकनी सोडून, माउंट मेरी सोडून तू त्या गोन्सालोच्याच मागे का?" संत गोन्सालो गार्सियाबद्दल हे भावकीत विचारून झालं, ऑफिसात विचारून झालं, गेल्या महिन्यात एका लग्नात जेवणाच्या रांगेत पुन्हा विचारलं गेलं. पाठोपाठ ठरलेला दुसरा प्रश्न: "बाप पोर्तुगीज ना त्याचा? मग आपला कसा?"

पूर्वी मी तावातावाने सांगायचो. जन्म वसईचा, आई इथली, 1862 साली संतपद मिळालं, भारतात जन्मलेला पहिला संत. आता कंटाळा आलाय. बापाकडून की आईकडून हे सोयरीक जुळवताना बघा. आणि खरं सांगायचं तर ते उत्तर फक्त मिरवायचं होतं. रोमच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, दिनदर्शिकेत 6 फेब्रुवारीला 'पॉल मिकी आणि सहकारी' असं लिहितात. आमचा माणूस त्या सहकाऱ्यांत. त्याचाही राग यायचा मला.

मी त्याच्याकडे जातो कारण तो दुभाषी होता.

कोवळ्या वयात जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर झाला. 1593 मध्ये त्याच संघाचे फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशीच्या भेटीला गेले, तेव्हा मध्ये बोलायला हाच. हिदेयोशीला मनिलाच्या गव्हर्नरची शरणागती हवी होती. असल्या माणसाचं बोलणं इकडे आणि इकडचं तिकडे, तेही दोन्ही बाजूंच्या तोंडाकडे बघत!

माझा दरबार म्हणजे मुंबईतल्या एका हॉस्पिटलची तपासणीची खोली. आई लाल लुगड्यात, रिटर्न तिकीट पदराच्या गाठीत. तिला सामवेदी, आमची वसईची बोली, सोडून काही धड येत नव्हतं. मराठी कळायची, पण परक्यासमोर ती गप्प बसायची. डॉक्टर इंग्रजीत बोलत होता. मी आणि तो, आणि मध्ये टेबलावर निळी फाईल. तो पाचेक मिनिटं बोलला असेल. यकृतापर्यंत गेलंय, ऑपरेशनचा उपयोग नाही, काही महिने. अधूनमधून तो आईकडे बघायचा आणि मी भाषांतर करावं म्हणून थांबायचा. मी मान डोलवायचो, म्हणजे त्याला वाटावं मी शब्द जुळवतोय. शेवटी मी आईला म्हणालो, "गाठ आहे. औषधाने बसेल."

तिने डॉक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढा वेळ बोलला तो," ती म्हणाली, "आणि तू एवढंच?"

मी म्हणालो, इंग्रजीत लांबण लावतात. ती हसली. रिक्षात, मग लोकलमध्ये, वसईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. चार महिन्यांनी गेली. नातेवाइकांना शेवटचं भेटायचं राहिलं, दागिन्यांची वाटणी राहिली. कुणाला काय सांगायचं होतं तिला, तेही राहिलं.

ताई म्हणते, सांगितलं असतंस तर ती आधीच खचली असती. तेव्हा मीही असंच म्हणायचो, आईला ओळखतो म्हणायचो. ओळखत होतो तर "तू एवढंच?" ऐकून घाम का फुटला? कधी वाटतं तिला कळलं होतं, आणि तिने मला सांभाळून घेतलं. हे वाटणं माझ्या सोयीचं आहे, हेही कळतं.

क्योतोमध्ये हिदेयोशीच्या हुकमाने गोन्सालोसकट चोवीस ख्रिस्ती लोकांच्या डाव्या कानाची पाळी कापली, मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवलं. वाटेत दोघे आणखी वाढले. 5 फेब्रुवारी 1597 ला निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस. खिळे नाहीत, दोर, लोखंडी कड्या आणि भाले. दुभाष्याच्या कानात कुणी मुद्दाम अर्थ शोधू नये, कान त्या चोवीसही जणांचे कापले होते. मी तरी शोधतो.

तो सगळं खरं बोलला म्हणून रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव देणारा, झाला, असं मी म्हणत नाही. दरबारात त्यानेही एखादं वाक्य मऊ केलं असेल, असं धरूनच मी वसईतल्या गासच्या, त्याच्या नावाच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो. फादरांना हे एकदा सांगितलं. ते म्हणाले, पुराव्याशिवाय संतावर आळ घेऊ नये. बरोबर आहे त्यांचं.

यंदाही त्याच्या सणाआधीच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला नऊही दिवस जाणार आहे. फाईल अजून कपाटात आहे.