82 टक्क्यांचा तो फॉरवर्ड आणि माझा दहावा आठवडा

2021 चा ऑगस्ट. मी सातव्या आठवड्यात, आणि आधीचं एक आठव्या आठवड्यातच गेलेलं, त्यामुळे जीव टांगणीला. जुलैमध्ये सरकारने गरोदर बायकांना कोविड लसीची परवानगी दिली होती, डॉक्टर मॅडम म्हणाल्या घ्यायला हरकत नाही. आणि त्याच रात्री जावेचा फॉरवर्ड, अमेरिकेतल्या अभ्यासात लस घेतलेल्या 82 टक्के बायकांचं मिसकॅरेज झालं म्हणून.

झोप उडाली, शेवटी त्या अभ्यासाचा पेपरच उघडला. 82 कुठेच नाही. 827 जणींची प्रेग्नन्सी संपलेली, बाळंत होऊन किंवा मधेच, त्यात 104 मिसकॅरेज, म्हणजे 12.6 टक्के. पण त्यातल्या 700 जणींनी लस शेवटच्या तिमाहीत घेतलेली, कोणीतरी त्या वजा केल्या, 127 उरल्या, 104 भागिले 127, झाले 82 टक्के.

वजा करणं मला पटलं, कारण मिसकॅरेज म्हणजे 20 आठवड्यांच्या आतलं, तिसाव्या आठवड्यात लस घेतलेलीला ते होणारच नाही, म्हणजे 12.6 पण बरोबर नाही. मग चुकतंय कुठे? भिंतीवरचं कॅलेंडर काढून बोटाने आठवडे मोजत बसले. जानेवारीत आठव्या आठवड्यात लस घेतलेली बाई बाळंत होणार ऑगस्टमध्ये, आणि पेपरमधली माहिती मार्चपर्यंतची. तिची प्रेग्नन्सी मार्चच्या आत संपली असेल तर मिसकॅरेज झालं म्हणूनच ना! जिचं पोट नीट वाढत होतं ती भागाकारात आलीच नव्हती. पुढे पेपरला दुरुस्ती जोडली तेव्हा कळलं, सुरुवातीला लस घेतलेल्या 1224 पैकी 905 जणींचं 20 आठवड्यांपर्यंत काय झालं ते अजून कळायचं होतं.

सप्टेंबरमध्ये नवीन हिशोब आला, 2456 जणींचा. ज्या आठवड्यात लस घेतली तिथून बाईला मोजायला घ्यायचं, आणि दर आठवड्याला अजून गरोदर किती, त्यातल्या किती जणींचं मिसकॅरेज झालं. सहाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत 14.1 टक्के, वयाचा फरक काढला तर 12.8, लस नसतानाही साधारण इतकंच असतं. कोविड झालेल्यांचं पण असंच मोजायला पाहिजे, नवव्या आठवड्यात पॉझिटिव्ह आलेली बाई आधीचे आठवडे पार करूनच आलेली असते, तिला पाचव्यापासून मोजलं तर आजार उगाच सौम्य दिसणार.

तो अभ्यास फायझर-मॉडर्नाचा, मला मिळणार होती कोविशिल्ड, त्यामुळे माझ्या लसीबद्दल तो थेट काही सांगत नव्हता. पण 82 डोक्यातून गेलं. दहाव्या आठवड्यात पहिला डोस घेतला, आणि घरी येऊन जावेला फोनवर तो सगळा भागाकार समजावला, ती पण तेव्हा पाचव्या महिन्यात होती.