जपानचा व्हिसा सोपा, आडनाव कठीण

जपानला शेतीकामाला जायचं तर काय करावं लागतं, हे विचारणारे फोन गेल्या गणपतीपासून एवढे वाढलेत की एकदाच लिहून टाकतो. आधीच सांगतो, जपानबद्दल यात थोडंच आहे. माझा जीव खाल्ला तो आपल्याकडच्या कागदांनी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

मी देवगड तालुक्यातला. घरची थोडी हापूसची कलमं आहेत, कातळावर काजू आहे. सध्या जपानात मियाझाकीला काकडीच्या हरितगृहात काम करतो.

वाट अशी आहे. जपानने एप्रिल २०१९ पासून ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ नावाचा व्हिसा सुरू केला, शेती त्यात पहिल्यापासून आहे. भारताबरोबर त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. दोन परीक्षा द्यायच्या: एक जपानी भाषेची, एक शेतीच्या कौशल्याची. शेतीत पीक किंवा पशुपालन यांतलं एक निवडायचं. मग मालक मिळाला, करार झाला की तो तिकडे इमिग्रेशनकडून पात्रता प्रमाणपत्र काढतो, ज्याला सगळे सीओई म्हणतात. ते आलं की इथे व्हिसाचा अर्ज. अनुभवाचा दाखला, पदवी, काही लागत नाही. कलमं बांधता येतात म्हणून मी मनातून थोडा मिरवत होतो, पण मुलाखतीत कोणी विचारलंसुद्धा नाही.

भाषा मी पुण्याच्या एका मॅडमकडे ऑनलाइन शिकलो, डिसेंबरमध्ये पुण्याला जाऊन एन-फोर ही जपानीची परीक्षा दिली आणि सुटलो. १८० पैकी ९० लागतात. पण ऐकण्याच्या ६० पैकी १९ वेगळे पडावे लागतात, नाहीतर एकूण मार्क कितीही असोत, नापास. रोज कानावर जपानी पडू द्या, नुसतं पुस्तक वाचून ते १९ येत नाहीत.

आता पासपोर्ट.

आमचं आडनाव घाडी. गावात देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. काही पिढ्यांपूर्वी कोणीतरी पुढे गावकर जोडलं. त्यामुळे रेशनकार्डावर घाडीगावकर, त्यावरून आधारवर घाडीगावकर, आणि शाळेत घाडी. आमच्या वाडीत निम्म्या घरांची हीच तऱ्हा आहे आणि आजवर कोणाचं काही अडलं नव्हतं.

पासपोर्ट केंद्रात बाईंनी आधार आणि दहावीचं प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवलं. पेनाचं टोपण एका आडनावाखालून नेलं, मग दुसऱ्याखालून. म्हणाल्या, “ही दोन वेगळी माणसं आहेत.” मी म्हटलं, “मॅडम, मी एकटाच आलोय.” त्या हसल्या नाहीत. पावतीवर ‘ऑन होल्ड’ आलं. काय आणायचं विचारलं तर म्हणाल्या, दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र.

बाहेर एकाने सल्ला दिला, दहावीचं प्रमाणपत्र जोडूच नकोस. तसं केलं तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते असा, शिक्का पडतो, आणि तो शिक्का अडतो आखातातल्या वगैरे १८ देशांना नोकरीला जाताना. जपान त्यात नाही. सल्ला चुकीचा नव्हता, पण दहावी पास असून पास नसल्यासारखं लिहून का द्यायचं? आणि पुढे दुबई करावी लागली तर?

आधी शाळेत गेलो. सरांनी जनरल रजिस्टर काढलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शाई ठळक. माझं नाव सापडलं, घाडी. हौसेने मागची वर्षं चाळली तर बाबांचं पण सापडलं, तेही घाडी. सर म्हणाले, “शाळा सोडल्यावर ह्याला मला हात लावता येत नाही बाबा.” तिथून तहसीलला. साहेब ओरोसला मीटिंगला. पुन्हा गेलो तर साहेब आहेत, पण लाइट नाही. शेवटी प्रतिज्ञापत्र झालं. ते घेऊन केंद्रात गेलो तर काउंटरवर आता दुसरे गृहस्थ. त्यांनी कागद उलटूनही पाहिला नाही. “हे चालत नाही. राजपत्र लागेल.”

राजपत्र म्हणजे सरकारचं गॅझेट, नाव बदलल्याचं त्यात छापून यावं लागतं. संताप आला तो इथे. राजपत्र लागतं तर पहिल्या दिवशी सांगायला तोंड दुखत होतं का? मोहोर फुटला तेव्हा पहिल्यांदा गेलो होतो, आता झाडावर कणी धरली होती. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मेल्या, तुझो बापूस घाडी, आजो घाडी. त्येंका देवळात घेऊन ये, मी सांगतंय.”

राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. जुन्या नावाचा पुरावा, नव्या नावाचा पुरावा, फोटो, कारण. नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे भरायचं असतं. मी सेवा केंद्रातल्या पोराच्या शेजारी बसून एकेक अक्षर वाचून घेतलं. वाट बघितली. छापून आलं, आणि त्यात गावकरमधला इंग्रजी ‘एन’ नाही. भरलेल्या अर्जाची प्रिंट माझ्याकडे, त्यात एन आहे. छापलेल्यात नाही. आधारवर आहे. म्हणजे सरकारच्या लेखी आता तिसरा माणूस जन्माला आला.

मग शुद्धिपत्रासाठी अर्ज. फोन लागेना. लागला तर “प्रोसेसमध्ये आहे.” मध्ये शिमगा आला आणि सगळी हापिसं थंड. मग आंबा सुरू झाला. सकाळी बागेत पेट्या भरायच्या आणि दुपारी फोन लावत बसायचं. मला जपानला पाठवणाऱ्या एजन्सीचं म्हणणं, चाचणीच्या निकालावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एक पाहिजे, तेव्हा पासपोर्ट आल्याशिवाय कौशल्याची चाचणी देऊ नका. त्या बॅचला कुमामोटोला टोमॅटोची जागा होती. टोमॅटोत कुमामोटो जपानात पहिलं, काम भरपूर. माझ्याबरोबर शिकणारा एक जण तिथे गेलासुद्धा. त्याचं आडनाव तीन अक्षरांचं, सगळीकडे तेच.

शुद्धिपत्र आलं तेव्हा भाताची पेरणी उरकली होती. केंद्रात तिसऱ्याच माणसाने ते पाहिलं आणि एका मिनिटात पुढे सरकवलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाहेर येऊन आधी वडापाव खाल्ला आणि एसटीत झोपलो. पोलीस पडताळणीला हवालदार घरी आले, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या, घर आजोबांच्या नावावर कसं म्हणून थोडं घोळवलं, संपलं.

म्हणून सांगतो, हिरागाना, म्हणजे जपानी अक्षरं, शिकायला बसण्याआधी आधार, दहावी, पॅन सगळं एका ओळीत मांडा आणि इंग्रजी स्पेलिंगसकट वाचा. राजपत्र छापून आलं की त्याच दिवशी वाचा, दुरुस्तीला मुदत असते. आणि भरलेल्या अर्जाची प्रिंट जपून ठेवा. माझ्याकडे नसती तर चूक माझीच ठरली असती.

पुढचं सगळं भराभर झालं. चाचणी संगणकावर, मुलाखत व्हिडिओवर, सीओई मालकाने काढलं. ते निघाल्यापासून तीन महिन्यांत जपानात पोचावं लागतं, त्यामुळे ते हातात आल्यावर लग्नकार्याच्या तारखा धरून बसू नका. व्हिसात सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

एजन्सीचं राहिलं. ई-मायग्रेट ह्या सरकारी साइटवर तिचा नोंदणी क्रमांक तपासा, आणि तो नंबर अजून चालू आहे का तेही पाहा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आमच्याकडे एक जण कॅनडात फळतोडणीला नेतो म्हणून लाखांत मागत फिरत होता. कॅनडाची हंगामी शेतमजुरांची योजना मेक्सिको आणि कॅरिबियन देशांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. ऑस्ट्रेलियाची पॅसिफिक बेटं आणि पूर्व तिमोरसाठी. कोरियाच्या ईपीएस ह्या परदेशी कामगार घेण्याच्या योजनेच्या यादीत नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आहेत, भारत नाही. कोणी ह्या नावांनी पैसे मागितले तर चहा पाजून वाटेला लावा.

बायकोमुलांना नेता येत नाही आणि आम्हाला मिळतो त्या ह्या व्हिसाच्या पहिल्या प्रकारावर सहसा एकूण पाच वर्षंच राहता येतं, हे घरी आधी नीट बोलून घ्या. बागेचं काय करणार तेही. मी आमची कलमं चुलतभावाला कराराने दिलीत.

काम म्हणाल तर हंगामात काकडी सकाळी तोडायची आणि संध्याकाळी पुन्हा, नाहीतर रात्रीत फुगते. इथे आंबाही हरितगृहात होतो. प्रत्येक फळाला जाळी बांधतात आणि पिकून आपोआप जाळीत पडेपर्यंत थांबतात. आम्ही झेला घेऊन झाडावर चढणारी माणसं, मला ते बघून हसूच आलं. पण त्यातलं ३५० ग्रॅमच्या वरचं आणि १५ अंश गोडीचं फळ ‘तायो नो तामागो’ म्हणून जातं, त्याचा भाव ऐकल्यावर गप्प बसलो.

आणि एक, करारावर सही करण्याआधी. जपानच्या कामगार कायद्यातले कामाचे तास, आठवड्याची सुट्टी आणि ओव्हरटाइमचे नियम शेतीला लागू होत नाहीत, रात्रीच्या कामाचा वाढीव दर तेवढा लागू आहे. म्हणून जादा तासांचे पैसे कोणत्या दराने, सुट्टी कधी, खोलीचं भाडं पगारातून किती कापणार, हंगाम नसताना किती तास काम देणार, हे सगळं करारात लेखी आहे का ते मुलाखतीनंतर लगेच विचारा. माझ्या मालकाने विचारल्यावर दुसऱ्या दिवशी लिहून पाठवलं, खाली शिक्क्यासह.