पाच पोरं आणि एक पियानो क्लास

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा पियानोचा क्लास आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मॅडम एकदम पाच-पाच जणांना कसं काय शिकवता, एकेकट्याला शिकवलं तर लवकर येणार नाही का? तुम्हीपण विचारलंत म्हणून नीट लिहिते, तोंडी सांगायला लागलं की अर्ध्यातच रिक्षा येते.

माझ्याकडं ८८ पट्ट्यांचे दोन डिजिटल पियानो आणि ६१ पट्ट्यांचे तीन कीबोर्ड, सगळ्यांना हेडफोन, त्यामुळं बाहेरून बघितलं तर पोरं मुकाट लाकूड बडवतायत असं वाटतं. पण खरी मजा हेडफोन काढल्यावर.

घरी एकटं पोरगं चुकलं की थांबतं, मागं जातं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यामुळं पहिल्या दोन ओळी झक्कास आणि शेवट कायम कच्चा. बॅचमध्ये मेट्रोनोम, म्हणजे लयीची टिकटिक देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर लावला की बाकीचे चौघं त्याच्यासाठी थांबत नाहीत, त्याला कान देऊन पुढची सम पकडून आत शिरावंच लागतं. हे मी कितीही समजावून सांगितलं असतं तरी आलं नसतं.

आणि आपल्या गावात निम्मी पोरं पेटीवरनं येतात, पेटीवादक गोविंदराव टेंब्यांचं गाव, येणारच. एक मुलगी पेटीच्या तीन परीक्षा देऊन आलेली, उजवा हात असा पळायचा की बास, आणि डावा? स्टूलाच्या बाजूला हवेतच पुढंमागं. पेटीचा भाता मारत होती! सगळे हसले, तीपण हसली. दुसरी अडचण आवाजाच्या जोराची, पेटीत आवाज लहानमोठा होतो तो हवेवर, पट्टी कशीही दाबा, पियानोत मात्र बोट किती वेगानं पडतं त्यावर सगळं. शेवटी तिला एका डावखुऱ्या पोराशेजारी बसवलं, डाव्या हाताचं तो वाजवणार, उजव्याचं ती, आणि महिन्यानं अदलाबदल.

आता उणं पण सांगते. पाच जणांचे दहा हात मला एकदम दिसत नाहीत. सा रे ग झाल्यावर म साठी अंगठा बोटांखालून न्यायचा असतो, तिथं कोण कोपर उचलतंय, कोणाचं मनगट खाली बसलंय हे निसटतं, म्हणून प्रत्येकाजवळ पाच मिनिटं तरी बसतेच. सुरुवातीला मी एक मोठी चूक केली, सात वर्षांचा पोरगा आणि पन्नाशीचे काका एकाच बॅचला घातले. काका रोज रियाज करून यायचे, पोरगा काही न करता पुढं, दोन महिन्यांत काकांनी यायचंच बंद केलं. मला अजून वाईट वाटतं. पायानं दाबायचं पेडल आणि मोठ्या रचना सुरू झाल्या की मात्र मीच पालकांना सांगते, आता एकट्याला शिकवायची वेळ आली.

तुमच्या मुलीला मंगळवारी पाठवून बघा. पेटी वाजवत असेल तर आधी सांगा, तो डावखुरा पोरगा अजून येतो.